हरवलेलं कार्ड शोधू नका, कॅलेंडर काढा: परदेशी विद्यापीठाचा लसीकरण फॉर्म

सांगलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलगी २२ वर्षांची, टेक्सासला एमएस करायला चालली आहे. पुतण्या १८ वर्षांचा, मॅसॅच्युसेट्समध्ये पदवीला. दोघांच्या विद्यापीठांनी लसीकरणाचे फॉर्म पाठवलेत आणि दोन्ही फॉर्म वेगळे. पुतण्याचं लहानपणचं कार्ड घरात आहे, मुलीचं २०१९ च्या पुरात गेलं. एक डॉक्टर म्हणतात सगळ्या लशी पुन्हा घ्या, दुसरे म्हणतात आधी रक्त तपासा, आणि शेजारचा मुलगा म्हणतो, काका, तिकडे गेल्यावर बघू. आज १० मे, दोघं १० ऑगस्टला निघणार. करायचं काय?

मी पुण्यात फॅमिली डॉक्टर आहे. मे उजाडला की माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या रांगेत एक वेगळी जमात दिसू लागते: हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये छापील फॉर्म, सोबत आई किंवा बाबा, आणि मुलगा किंवा मुलगी मोबाइलमध्ये. वीसेक वर्षं हे फॉर्म भरते आहे. त्या अनुभवावर पहिलं सांगते ते हे, की कार्ड शोधण्यात एक दिवससुद्धा घालवू नका. पुराच्या पाण्यातून ट्रंक बाहेर काढून कागद वाळत घालणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्या बालरोगतज्ज्ञांकडे लशी दिल्या त्यांचा दवाखाना बंद झालेला असतो, किंवा त्यांच्याकडे इतक्या जुन्या नोंदी नसतात. एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची एकत्र लस, घेतलेली असताना पुन्हा एकदा घेतली तर अपाय काही नाही. शरीरात आधीच प्रतिपिंडं असतील तर ती लशीतला विषाणू तिथल्या तिथे निकामी करतात, एवढंच. घड्याळ मात्र थांबत नाही, कारण या सगळ्या प्रकरणात एकच आकडा निर्णायक आहे: २८ दिवस. त्याकडे येतेच.

त्याआधी एक गैरसमज. लशींचा संबंध व्हिसाशी नाही. अमेरिकेच्या एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लसीकरणाचा दाखला लागत नाही. तो स्थलांतरितांच्या, म्हणजे कायम राहायला जाणाऱ्यांच्या व्हिसाला लागतो. विद्यार्थ्यांकडून लस मागतं ते राज्य आणि विद्यापीठ. म्हणून तुमच्या घरातले दोन फॉर्म जुळत नाहीत, आणि जुळणारही नाहीत. तिकडच्या केंद्रीय शिफारशी अलीकडे बदलत आहेत अशा बातम्या वाचून कुणी म्हणेल की आता काही लागत नाही, तर त्याचं ऐकू नका. तुमच्या फॉर्मवर जे छापलंय तेच तुमच्यासाठी खरं.

टेक्सासचा कायदा सर्व विद्यार्थ्यांकडून एकच लस मागतो, मेनिंगोकोकलची, म्हणजे मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) करणाऱ्या जंतूवरची. सत्र सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी ती घेतलेली हवी, आणि गेल्या पाच वर्षांतली हवी. हा कायदा दोन विद्यार्थ्यांच्या नावाने ओळखला जातो, जेमी शॅनबॉम आणि निकोलिस विल्यम्स. जेमी ऑस्टिनला शिकत असताना २००८ मध्ये आजारी पडली; जगली, पण दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि हाताची बोटं गमावून. निकोलिस २०११ मध्ये टेक्सास ए अँड एममध्ये शिकत असताना गेला. पण २२ पूर्ण झालेल्यांना या कायद्यातून सूट आहे. तुमच्या मुलीला सत्र सुरू होण्याआधी २२ पूर्ण असतील तर राज्य तिला काही विचारणार नाही. मात्र विद्यापीठ स्वतःच्या अधिकारात एमएमआर मागू शकतं, आणि बाहेरच्या देशातून येणाऱ्यांची टीबीची तपासणी तर बहुतेक विद्यापीठं मागतातच. तिच्या फॉर्मवर या दोन गोष्टी ठळक असतील असं मी धरून चालते.

मॅसॅच्युसेट्स कडक आहे. ३० वर्षांखालच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला, पदवीचा असो वा पदव्युत्तर, एमएमआरचे दोन डोस, कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस बीचे तीन आणि टीडॅपचा (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) एक, एवढं दाखवावं लागतं. शिवाय नवा विद्यार्थी २१ किंवा त्याहून लहान असेल तर १६ व्या वाढदिवसानंतर घेतलेला मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवायचा (त्या जंतूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांवरच्या लशीचा) एक डोस. म्हणजे तुमच्या पुतण्याला सगळंच. न्यूयॉर्क या दोघांच्या मधलं: गोवराचे दोन डोस, गालगुंड आणि रुबेलाचा प्रत्येकी एक, आणि मेनिंजायटिसची लस घेतली किंवा समजून-उमजून नाकारली असं सही करून सांगणं. तिथला कायदा दाखला आणायला ३० दिवसांची मुदत देतो, परदेशातून आलेल्याची धडपड दिसत असेल तर ४५ पर्यंत. त्यानंतर वर्गात बसता येत नाही. 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणणारा शेजारचा मुलगा बहुधा अशाच एखाद्या मुदतीच्या जिवावर तरून गेला असणार.

आता पुतण्याचं कार्ड उघडा. तो १८ चा आहे म्हणजे जन्म २००७ च्या आसपास. मला कार्ड न बघताही त्यावर काय असेल ते साधारण दिसतंय, कारण त्या पिढीची शेकडो कार्डं हाताखालून गेली आहेत. नवव्या महिन्यात 'गोवर'. पंधराव्या महिन्यात 'एमएमआर'. पाचव्या वर्षी नुसतं 'बूस्टर' एवढाच शब्द, कशाचा ते नाही. आणि कार्डात दुमडून ठेवलेली शाळेतली एक वेगळी चिठ्ठी, नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेची. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना तेव्हा शाळाशाळांतून ती लस दिली. आठवत असेल, मुलांच्या रांगा, रडारड, व्हॉट्सअॅपवरच्या अफवा.

अमेरिकेतला आरोग्य केंद्राचा कर्मचारी या कार्डाकडे कसा बघेल? नवव्या महिन्याची गोवराची लस तो सरळ बाद करेल. पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस तिकडच्या मोजणीत धरत नाहीत, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं तेव्हा बाळाच्या अंगात शिल्लक असू शकतात आणि लस नीट रुजत नाही. आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात त्यालाही कारण आहे, इथे गोवर लहान बाळांना गाठतो आणि वर्षभर थांबणं परवडत नाही. दोघांचंही बरोबर, पण फॉर्म त्यांचा आहे. पंधराव्या महिन्याची एमएमआर चालेल, हा झाला एक डोस. आणि शाळेतली लस? ती एमआर होती, एमएमआर नव्हती. एक 'एम' कमी, तो गालगुंडाचा. आपल्या सरकारी कार्यक्रमात गालगुंडाची लस नाही.

म्हणजे पुतण्याचे गोवराचे दोन डोस झाले, रुबेलाचे दोन झाले, गालगुंडाचा एकच. तो न्यूयॉर्कला जात असता तर एवढ्यावर भागलं असतं. मॅसॅच्युसेट्सला भागणार नाही. त्याला एमएमआरचा आणखी एक डोस हवा, बस. एकाच कार्डाची दोन राज्यांत दोन उत्तरं निघतात. म्हणून 'माझ्या भाच्याला तर काही लागलं नव्हतं' या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

गालगुंडाला आपण किरकोळ समजतो. गाल सुजले, चार दिवस खिमट खाल्लं, झालं. तरुण मुलांमध्ये ते वृषणांपर्यंत जातं आणि फार दुखतं, आणि वसतिगृहात ते वणव्यासारखं पसरतं. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रयोगशाळेत पक्के झालेले ५,०४२ रुग्ण सापडले, दहा वर्षांतले सर्वाधिक, आणि त्यातला मोठा वाटा विद्यापीठांतल्या मुलांचा. अमेरिकेत २००६ मध्ये आयोवापासून अशीच साथ उठली होती. दोन डोस घेतलेल्यांनाही गालगुंड होतं, पण कमी जणांना आणि सौम्य.

कार्ड वाचताना आणखी एक गंमत. गेल्या वर्षी एक आई ठासून सांगत होत्या की मुलाला एमएमआर ९ डिसेंबरला दिली आहे, कार्डावर '९/१२' लिहिलंय. ती तारीख नव्हती. आम्ही डॉक्टर लोक नऊ महिने असं लिहितो, बारातले नऊ. पुढे खरी तारीख होती, हळदीच्या डागाखाली. त्या डोसला मुलगा वर्षाचा झालेला नव्हता, म्हणजे तो बाद. भिंग घेऊन बसा, आणि प्रत्येक नोंदीपुढे मुलाचं तेव्हाचं वय लिहून काढा.

तारखांचीच दुसरी भानगड म्हणजे अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस. समजा पहिली एमएमआर ११ मे ला दिली आणि दुसरी ८ जूनला. मी आपल्या पद्धतीने ११/०५ आणि ०८/०६ असं लिहिलं की तिकडचा माणूस वाचतो ५ नोव्हेंबर आणि ६ ऑगस्ट. दुसरा डोस पहिल्याच्या आधी, आणि पहिला अजून व्हायचाच आहे! फॉर्म परत. माझ्या एका पेशंटची विषयनोंदणी अशाच दोन आकड्यांपायी आठवडाभर अडकली होती. तेव्हापासून मी महिना अक्षरात लिहिते आणि बाकी डॉक्टरांनाही तेच सांगते.

आता मुलीकडे वळू. कार्ड नाही. तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं आपापल्या परीने बरोबर आहे. प्रश्न पैशांचा आणि दिवसांचा आहे. रक्तातली प्रतिपिंडं मोजण्याला टायटर म्हणतात. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या या चौघांचे आयजीजी टायटर करायला काही हजार रुपये जातात. एमएमआरचा एक डोस काही शेकड्यांत येतो. शिवाय टायटर करून चारांपैकी एक 'संदिग्ध' आला, आणि गालगुंडाचा हटकून येतो, तर तो नाहीच असं धरतात. म्हणजे पैसे गेले, आठवडा गेला आणि लस घ्यावीच लागली. माझा नियम सरळ आहे: एमएमआर टोचा, कांजिण्यांसाठी रक्त तपासा. कांजिण्या बहुतेकांना लहानपणी येऊन गेलेल्या असतात, ती लस महाग आहे आणि दोन डोस लागतात, तिथे टायटर परवडतो. 'तिला पहिलीत असताना कांजिण्या आल्या होत्या' हे आईचं म्हणणं मला पुरतं, पण फॉर्मला पुरत नाही. काही विद्यापीठं डॉक्टरांनी लिहून दिलेला इतिहास मानतात, काही रक्ताचा अहवालच मागतात. अहवालात नुसतं 'पॉझिटिव्ह' नको. आकडा आणि प्रयोगशाळेची संदर्भमर्यादा दोन्ही छापलेली हवी. तिच्या फॉर्मवर कांजिण्यांचा रकानाच नसेल तर हे सगळं सोडून द्या.

उद्याच्या दिवसाचा क्रम मात्र चुकवू नका. आधी टीबीच्या तपासणीसाठी रक्त द्यायचं, मग त्याच दिवशी एमएमआर. उलट केलं, म्हणजे एमएमआर घेऊन आठवड्याने टीबीचं रक्त दिलं, तर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, कारण गोवराची जिवंत लस, म्हणजे जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची, काही काळ ती प्रतिक्रिया दाबते. मग किमान चार आठवडे थांबणं आलं. एमएमआर आणि कांजिण्यांची लस या दोन्ही जिवंत लशी आहेत. त्या एकाच दिवशी दोन दंडांत द्यायच्या, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्यायचे. अध्येमध्ये काही नाही. एमएमआरच्या स्वतःच्या दोन डोसांतही हेच २८ दिवस. टीडॅप, हिपॅटायटिस बी, मेनिंगोकोकल या जिवंत लशी नाहीत, त्या कुठल्याही दिवशी चालतात.

म्हणजे ११ मे ला टीबीचं रक्त आणि एमएमआरचा पहिला डोस, ८ जूनला दुसरा. २७ व्या दिवशी 'एका दिवसाने काय होतंय' म्हणून येऊ नका. एका दिवसाने डोस बाद झालेला मी पाहिला आहे, आणि तो बाप तुमच्यासारखाच समंजस होता. दोनचार दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही, लवकर झाला तर बिघडतं.

टीबीविषयी थोडं थांबून बोलते, कारण इथे घरं घाबरतात. तुम्हाला कुणी मॉन्टू टेस्ट करायला सांगेल, हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी तिथली कडक सूज मोजायची. स्वस्त आहे. पण आपल्या सगळ्यांना जन्मतः बीसीजी दिलेली असते आणि तिच्यामुळे मॉन्टू खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून आयजीआरए ही रक्ततपासणी करा, क्वांटिफेरॉन या नावाने प्रयोगशाळेत मिळते. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. त्याआधी फॉर्म वाचा: कितपत ताजा अहवाल चालतो, आणि भारतातला चालतो का. काही विद्यापीठं स्वतःच्या केंद्रातच रक्त घेतात, मग इथे पैसे घालू नका.

आणि पॉझिटिव्ह आली तर? तर मुलीला टीबी झाला असा अर्थ नाही. जंतू कधीतरी शरीरात शिरला आणि झोपून आहे, एवढाच अर्थ. आपल्या देशात अशी झोपलेली लागण असलेली माणसं बसमध्ये तुमच्या डावी-उजवीकडे बसलेली असतात. छातीचा एक्स-रे काढायचा, खोकला, ताप, वजन घटणं असं काही नाही ना ते डॉक्टरांनी तपासून लिहायचं, आणि जायचं. तिकडचे डॉक्टर झोपलेल्या जंतूवर औषध सुचवतील, चार महिने रोज रिफॅम्पिसिन किंवा दुसऱ्या औषधांचे आठवड्यातून एकदा असे बारा डोस. इथले डॉक्टर कदाचित म्हणतील गरज नाही. दोघं वेगवेगळ्या देशांच्या हिशेबाने बोलत असतात. मी तरुण मुलांना सांगते, सुचवलं तर घ्या, परीक्षा आणि जागरणांचे दिवस आहेत. प्रवेश अडतो तो जागत्या, फुप्फुसात वाढणाऱ्या टीबीने.

हिपॅटायटिस बीचं गणित वेगळं. पुतण्याचे तीन डोस कार्डावर तारखांसह असतील तर विषय मिटला. ही लस आपल्या सरकारी कार्यक्रमात देशभर पोचली २०११ च्या सुमारास, त्याआधी जन्मलेल्यांना बहुतेक खासगी डॉक्टरांकडेच मिळाली. मुलीच्या फॉर्मवर ती सक्तीची असेल तर मोठ्यांचं वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असं आहे. अगदी घाई केली तरी पहिल्या आणि तिसऱ्या डोसात १६ आठवडे हवेतच. ११ मे ला सुरू केलं तर तिसरा ३१ ऑगस्टच्या आत बसत नाही. म्हणून दोन इथे, तिसरा तिथे, आणि फॉर्मसोबत एक ओळ: 'मालिका सुरू आहे, पुढील डोस अमुक तारखेला.' बहुतेक केंद्रं हे मान्य करतात. तिला लहानपणी नक्की दिली होती असं आठवत असेल तर आधी अँटी-एचबीएस, म्हणजे या लशीच्या प्रतिपिंडांचा आकडा, रक्तात बघा. तो १० च्या वर असला की काम झालं. खाली आला म्हणून संरक्षण संपलं असं नाही, बाळपणी घेतलेल्या लशीचा आकडा वीस वर्षांत उतरतोच. एक डोस देऊन महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं की बहुतेकांचा आकडा टुणकन वर जातो.

टीडॅपमध्ये दरवर्षी तीच चूक. 'डॉक्टर, गाडीवरून पडला तेव्हा इंजेक्शन घेतलंय.' ते धनुर्वाताचं, टीटी किंवा टीडी. टीडॅपमध्ये धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला असे तिघं असतात, आणि फॉर्मला तो डांग्या खोकलाच हवा असतो. पुतण्याला हा एक डोस लागेल. दंड दोन दिवस दुखतो.

मेनिंगोकोकलवर मी हिशेब करत नाही. मुलीला सूट आहे हे मी वर सांगितलं, पण ती वसतिगृहात किंवा चौघींच्या अपार्टमेंटमध्ये राहणार असेल तर विचार करा. इंटर्नशिपमध्ये रात्रपाळीला मी एक मुलगा पाहिला, एकोणीस-वीस वर्षांचा. संध्याकाळी ताप आणि डोकेदुखी म्हणून मित्र घेऊन आले होते. पायांवर जांभळट ठिपके होते, पिसू चावल्यासारखे, आणि आम्ही बघत असताना ते मोठे होत गेले. पहाटेपर्यंत तो राहिला नाही. हा आजार उपचार मिळूनही शंभरातल्या दहा-पंधरा जणांना नेतो, आणि वाचलेल्या पाचांतल्या एकाला काहीतरी कायमचं देऊन जातो, बहिरेपण, तुटलेली बोटं. एका पेल्यातून पिणं, एका खोलीत झोपणं, गर्दीच्या पार्ट्या, जंतूला एवढं पुरतं. लस महाग आहे, काही हजारांची. घेताना ती एसीडब्ल्यूवाय कॉन्ज्युगेट आहे याची खात्री करा आणि बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. आपल्या हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मेनफाइव्ह नावाची पाच प्रकारांवरची लस बनते, तिचं नाव पेपरात येतं म्हणून लोक मागतात. ती आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या पट्ट्यासाठी आहे, तुमचा फॉर्म ती मागत नाही.

एसीडब्ल्यूवाय लशीत 'बी' प्रकार नाही, हेही ध्यानात ठेवा. प्रिन्स्टनला २०१३ मध्ये जी साथ आली ती 'बी'ची होती, आणि तेव्हा अमेरिकेत त्यावर मंजूर लस नसल्यामुळे विद्यापीठाला खास परवानगीने ती बाहेरून आणावी लागली. आता तिकडे मिळते, आपल्याकडे सहजी मिळत नाही. पुतण्याने पोचल्यावर विद्यापीठाच्या डॉक्टरांना विचारावं. आणि लस घेतली असली तरी ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, आणि काचेचा पेला दाबूनही न मावळणारे डाग, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीला जायचं. आपली मुलं विम्याच्या खर्चाला भिऊन क्रोसिन घेऊन झोपतात, म्हणून हे त्यांना आधीच बजावून ठेवा.

पुतण्याच्या कांजिण्यांचं बघा. त्या काळी पंधराव्या महिन्यानंतर एक डोस द्यायची पद्धत होती, दुसरा अनेकांचा राहिलेला असतो. राहिला असेल तर एमएमआरबरोबर त्याच दिवशी. पोलिओ काही फॉर्मवर असतो. पल्स पोलिओचे थेंब किती वेळा घेतले ते कुणालाच आठवत नाही, आणि मोहिमेतले ते थेंब तिकडे धरतही नाहीत, पण एप्रिल २०१६ च्या आधी नेहमीच्या लसीकरणात दिलेले थेंब तिन्ही प्रकारांचे होते आणि ते चालतात. कार्डावर असतील तेवढे लिहा. कोविडची सक्ती बहुतेकांनी २०२३ पासून काढली. एचपीव्ही, म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरची लस, 'शिफारस' या रकान्यात असते म्हणून सगळे सोडून देतात. मी सोडू देत नाही. पंधरा वर्षांनंतर तीन डोस लागतात, शून्य, दोन आणि सहा महिने, आणि सीरमची सर्वाव्हॅक जानेवारी २०२३ पासून आली आहे, परदेशी लशीपेक्षा बरीच स्वस्त. ती मुलींइतकीच मुलांसाठीही आहे, हे ऐकून वडिलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

धाकटी मुलं कुणी इंग्लंडला जाणार असतील तर तिथे उलटा प्रकार. विद्यापीठ कायद्याने लस मागत नाही, पण सहा महिन्यांहून मोठ्या मुक्कामाच्या व्हिसासाठी टीबीचा दाखला लागतो, तोही छातीच्या एक्स-रेचा आणि त्यांनी ठरवलेल्या दवाखान्यांतूनच. क्वांटिफेरॉन तिथे उपयोगी नाही. मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय तिथे २५ व्या वाढदिवसापर्यंत फुकट मिळते, २०१५ पासून. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा आणि मागा. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेलाच असतो, मग इथे त्या लशीवर हजारो रुपये कशाला?

आपल्याकडच्या कॉलेजांच्या प्रवेश अर्जात साधारणपणे असला रकाना नसतो. तरी सांगली-साताऱ्याहून पुण्यात मेसवर जेवायला येणाऱ्या मुलांना मी टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस देते. कुणी विचारत नाही, पण दर पावसाळ्यात टायफॉइडने सत्र बुडालेली मुलं माझ्याकडे येतात. मेडिकल किंवा नर्सिंगला जाणाऱ्यांनी हिपॅटायटिस बी पूर्ण करून, टायटर बघूनच वॉर्डात पाऊल टाकावं.

आता एक नको असलेली गोष्ट. दरवर्षी दोन-तीन पालक खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात विचारतात, 'मॅडम, मागची तारीख टाकून द्या ना.' मी देत नाही, आणि तुम्हीही कुणाकडे मागू नका. गोवर ही दूरची गोष्ट नाही. मुंबईत २०२२ मध्ये गोवंडीत मुलं गेली. अमेरिकेने २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं, आणि २०२५ मध्ये १९९२ नंतरचे सर्वाधिक रुग्ण तिथे निघाले, त्यातली मोठी साथ टेक्सासमध्येच. कॅम्पसवर एक रुग्ण सापडला की ज्यांच्याकडे पुरावा नाही त्यांना २१ दिवस वर्गाबाहेर ठेवू शकतात. धर्माच्या कारणाने सूट घेता येते का असं विचारणाऱ्यांनाही मी हेच सांगते: सूट मिळेल, पण साथ आली की आधी घरी बसवतात ते सूट घेतलेल्यांना.

लस घेताना एवढं बघा. मुलगी गरोदर नाही आणि पुढचा महिनाभर तशी शक्यता नाही हे डॉक्टरांना सांगायचं; लग्न होऊन जाणाऱ्या मुलींना मी हे एकटीला बाजूला घेऊन विचारते. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर जिवंत लस नाही. एमएमआरनंतर आठ-दहा दिवसांनी ताप किंवा पुरळ येऊ शकतं, तरुण मुलींचे सांधे दुखू शकतात, आपोआप थांबतं. आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. चक्कर येऊन पडतात ती नेमकी व्यायामशाळेत जाणारी दांडगी पोरं. पुतण्याला आडवं झोपवूनच द्या.

फॉर्मवर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक, तिन्ही हवेत, आणि सगळं इंग्रजीत. विद्यापीठाचाच छापील फॉर्म भरून घ्या, दवाखान्याच्या लेटरहेडवरचं पत्र पुष्कळदा परत येतं. ८ जूनचा डोस झाला की त्याच आठवड्यात पोर्टलवर चढवा. तपासणाऱ्यांकडे जुलैत हजारो फॉर्म तुंबतात, आणि तोवर नावापुढे होल्ड असतो, विषय निवडता येत नाहीत. मूळ कागद हातातल्या बॅगेत, एक प्रत तुमच्याकडे. सांगलीत ती प्रत वरच्या मजल्यावर ठेवा.